त्यांच्या नाश्त्याला आमचा जवळा

हे आत्ताच्या आत्ता सांगायला पाहिजे, संध्याकाळपर्यंत थांबले तर माझं पोट फुटेल. रोह्यात एका दुकानात बसून मी लोकांचे अर्ज टाईप करून देते. समोर सातबाऱ्यासाठी एक काका उभे आहेत. त्यांना बोलले, काका, पाच मिनिटं सर्व्हर बंद आहे. सर्व्हर मस्त चालू आहे. मला हे लिहायचंय.

बातमी अशी की आमच्या गावच्या रिसॉर्टने आजपासून नाश्ता आत हलवला. काचेच्या आत, पडदे ओढून, एसी लावून. 'खाडीकाठी खुला नाश्ता' असा केवढा तरी बोर्ड होता त्यांचा, तो सकाळीच खाली उतरवला. शेजारच्या काकीने फोन करून सांगितलं, आणि सांगताना ती इतकी हसत होती की अर्धं मला कळलंच नाही. बोर्ड उतरवणारा माणूस नाकाला रुमाल बांधून शिडीवर चढला होता म्हणे. मला त्या रुमालाचा रंगसुद्धा विचारायचा होता. निळा होता. विचारला मी.

आता पहिल्यापासून.

आमचं गाव धरमतरच्या खाडीला लागून आहे. पेणहून रस्ता चांगला असेल तर अर्धा तास, आणि रस्ता चांगला नसतो. पप्पा बार्जवर शिफ्ट करतात, आई म्हावऱ्यावर. म्हणजे ताजा जवळा घ्यायचा, वाळवायचा आणि विकायचा. जेट्टीच्या डाव्या हाताला एक सपाट मोकळी जागा होती, आम्ही तिला खळं म्हणतो. दसरा झाला की गावातल्या बायका शेणाने ती सारवून घ्यायच्या आणि मग पाऊस लागेपर्यंत तिथे जवळा वाळायचा. प्रत्येक घराची एक पट्टी. दोन पट्ट्यांच्या मध्ये कालवांच्या शिंपल्यांची ओळ. आजीची पट्टी आईला मिळाली, आईची माझ्या वहिनीला मिळेल, असं चालत आलेलं. कागद कुठेच नाही. कागद लागेल असं कुणाच्या डोक्यातही आलं नाही, तीच आमची चूक.

वाळलेला जवळा आई रोह्याच्या बाजारात आणायची. मे महिन्यात तर झुंबड. रोह्याकडच्या भातशेतीवाल्या बायका पावसाआधी आगोटीचं सामान भरतात ना, लावणीच्या दिवसांत भाकरीबरोबर काहीतरी लागतं, तर त्या आईकडूनच घ्यायच्या. कोलाडच्या हायवेवरची एक खानावळवाली पोतंच्या पोतं न्यायची. आई त्यांना आधीच शब्द देऊन ठेवायची. आईचा शब्द म्हणजे जवळा येणारच.

मी बारावीत होते तेव्हा रिसॉर्ट आलं. जाहिरातीत त्यांनी बीच लिहिलं. आमच्याकडे बीच नाही हो! आमच्याकडे चिखल आहे, गुडघ्यापर्यंत, आणि त्यात निवट्या मासे उड्या मारतात. मग त्यांनी ट्रकने वाळू आणून ओतली. पहिल्याच उधाणाला गेली. परत ओतली. परत गेली. आमच्या दोन होड्यांना गाद्या लागल्या, त्या आता मासळीला जातच नाहीत, पाहुण्यांना फिरवतात. रिसेप्शनच्या भिंतीवर फाटकं जाळं टांगून त्यात छोटे लाईट लावले. काकी ते बघून बोलली, "घरात असं टांगलं असतं तर सासूने बाजूला मनाच टांगली असती."

आणि मी? मी पेणला कॉलेज केलं, रामवाडीत मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहिले, आणि परत येऊन त्याच रिसॉर्टच्या रिसेप्शनवर बसले. गळ्यात स्कार्फ. वेलकम सर, वेलकम मॅम. लपवत नाही, मला आवडायचं. टायपिंग फास्ट, इंग्लिश बरं, आणि एसीत बसायला कुणाला आवडत नाही?

मग तो मे महिना आला.

एक जोडपं आलं होतं, लग्नाआधीचं शूटिंग करायला. फोटोग्राफरला जेट्टीच्या बाजूची फ्रेम पाहिजे होती आणि फ्रेममध्ये आमचं खळं येत होतं. मॅनेजरने मला बोलावलं. बाहेरचा माणूस, सगळ्यांना बेटा बोलायचा, गोड बोलायचा.

"बेटा, तुम्हारी मम्मी है ना उधर? जाके बोल ना, एक घंटे के लिए हटा ले. तेरा सुनेगी."

मी गेले. युनिफॉर्ममध्ये. सॅंडल चिखलात भरत होते म्हणून चवड्यांवर चालत गेले, आणि काकीने ते लांबूनच बघितलं.

"आली गो आली, मॅडम आली. म्हावऱ्याचा पंचनामा करायला आली."

आई वाकून जवळा पालथा करत होती. मान वर न करता बोलली, "जेवलीस काय?"

"आई, एक तास जवळा गोळा करून ठेव ना. शूटिंग हाय."

"आता? ह्या उन्हात? अर्धा सुकलाय गो तो. आता ढीग लावला तर घाम फुटंल त्याला, सगला जाईल."

"एकच तास."

"नाय."

"आई, मला बोलणं बसेल."

"मंग बसूं दे. बोलन्यानं मानूस कुजत नाय, जवला कुजतो."

मी परत जाऊन सांगितलं की जमणार नाही. मॅनेजर हसला. कोई बात नहीं बेटा. मला वाटलं, चला, संपलं.

बायका दुपारी जेवायला घरी गेल्या. तेवढ्यात सिक्युरिटीवाल्याने बागेचा पाईप आणला आणि खळं धुतलं. सगळं. प्रत्येक पट्टी. मी रिसेप्शनच्या काचेतून बघत होते. पाण्याच्या जोराने शिंपल्यांच्या ओळी मोडल्या आणि तो सगळा गुलाबी जवळा पिठल्यासारखा एका कोपऱ्यात जाऊन साचला. मग ती मुलगी पांढरा लांब गाऊन घालून ओल्या जमिनीवर उभी राहिली आणि वर ड्रोन घूंघूं करायला लागला.

मी काय केलं सांगू? काही नाही. त्याच वेळी एक फॅमिली चेक-इनला आली होती. मी त्यांना कोकम सरबत दिलं.

आई परत आली. मला वाटलं ओरडेल, दगड मारेल. ती खाली बसली, मूठभर जवळा उचलला आणि पिळला. बोटांमधून पाणी गळलं. मग दुसरी मूठ. तीही पिळली. असं किती वेळ करत होती. दुसऱ्या दिवशी जवळा काळा पडला, तिसऱ्या दिवशी बायकांनी खड्डा खणून पुरला. आगोटीचा सगळा माल होता तो. त्या वर्षी रोह्याच्या बाजारात आई गेलीच नाही. कोलाडवालीचा फोन यायचा, आई उचलायची नाही, मला बोलायची, "सांग आजारी हाय." शब्द देऊन माल नाही, हे तिच्या तोंडातून निघत नव्हतं.

रिसॉर्टने सॉरीसुद्धा बोललं नाही. तो ड्रोनचा व्हिडिओ मात्र त्यांच्या पेजवर टाकला, आणि टाकायचं काम माझं होतं. मी टाकला. वर हार्ट लावलं. लावता लावता दात इतके आवळले होते की जबडा दुखला, आणि त्या दिवशी ठरवलं की नोकरी सोडायची नाही. नोकरी सोडून घरी बसले तर मी फक्त रडणार. आत बसले तर कधी ना कधी काहीतरी हाताला लागेल.

श्रावणात लागलं.

मॅनेजरने जाहीर केलं की जेट्टीजवळ लाकडी डेक होणार, तिथे सकाळचा नाश्ता, म्हणून खळं कायमचं हलवायचं. खळ्याची जागा रिसॉर्टनेच घेतलेली निघाली, कधी घेतली कुणाला माहीत नाही. पण तो बोलला, आम्ही काही वाईट लोक नाही, बायकांना दुसरी जागा देतो. बांधाच्या पलीकडे, रिसॉर्टच्या पूर्वेला एक बंद पडलेलं मिठागर होतं, ते. बायकांना घेऊन तिकडे गेला, मला पण नेलं, समजवायला. आई आलीच नाही. आई बोलली, "मी माजी पट्टी सोरून जागा बघायला जात नाय."

आता नीट ऐका. त्या दिवशी पावसाने उघडीप दिली होती. मॅनेजर मिठागराच्या मधोमध उभा राहिला, खिशातून अगरबत्ती काढली आणि पेटवली! वारा बघायला! धूर सरळ पूर्वेला, शेतांकडे गेला. रिसॉर्टच्या बरोब्बर उलट दिशेला. त्याने दोन जागी, तीन जागी अगरबत्ती धरून बघितली. प्रत्येक वेळी धूर शेतांकडे.

"परफेक्ट," तो बोलला. "स्मेल का प्रॉब्लेम ही खतम."

मी पटकन तोंड फिरवलं, नाहीतर त्याला माझं हसू दिसलं असतं.

खाडीवरच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं की पावसात वारा समुद्राकडून येतो आणि थंडी पडली की सकाळचा वारा फिरतो. जमिनीवरून खाडीकडे जातो, पहाटेपासून दहा-साडेदहापर्यंत. त्याला मतलई म्हणतात. आमच्या होड्या तोच वारा धरून बाहेर पडायच्या. आणि जवळा वाळतो कधी? थंडीपासून पुढे. ओला जवळा पसरतात कधी? सकाळी. आणि डेकवर नाश्ता कधी? हा माणूस थंडीतल्या धंद्याची जागा पावसातल्या अगरबत्तीवर ठरवत होता.

काकीने तोंड उघडलं. "अवो सायेब, पन थंडीत तर..."

मी तिच्या पायावर पाय दिला. जोरात.

"आई गं! पाय का देतेस गो घोरे?" ती किंचाळली. मग माझ्याकडे बघितलं. काय दिसलं तिला माझ्या चेहऱ्यावर देव जाणे, पण बोलणं सोडून ती पदराने तोंड पुसायला लागली. पुसत कसली होती, हसू दाबत होती.

मॅनेजर बोलला, कागद करू, म्हणजे उद्या परत जेट्टीवर येऊन बसायला नको. बेटा, तू टाईप कर. दहा मिनिटांत केला. त्यात एक वाक्य माझं होतं: सदर जागा महिलांना वाळवणासाठी कायम राहील आणि कोणत्याही हंगामात वासाबद्दल रिसॉर्ट हरकत घेणार नाही.

त्याने वाचलं. "ये वास का क्यों डाला?"

"सर, त्यांना भीती वाटते की तुम्ही परत उठवाल. हे नसेल तर सह्या करणार नाहीत."

"स्मार्ट गर्ल," तो बोलला आणि सही केली. माझ्याच पेनाने. ते पेन मी अजून वापरते.

पण गावात मी बदनाम झाले. कागद करून बायकांना जेट्टीवरून उठवलं ते मी. काकीला माहीत होतं, तिला मी शपथ घातली होती की आईला सांगायचं नाही. आईच्या पोटात काही राहत नाही, तिच्या चेहऱ्यावरून मॅनेजरला कळलं असतं. आई माझ्याशी बोलायची बंद झाली. म्हणजे ताट वाढायची, पण वाढताना पप्पांना बोलायची, "तुमच्या कंपनीवालीला विचारा, भात पायजे काय."

दसऱ्याला बायकांनी मिठागर सारवलं. जेट्टीवरून ओल्या जवळ्याच्या पाट्या डोक्यावर घेऊन बांध चढायचा, उतरायचा, परत यायचं. आधी वीस पावलं होती. आईचा उजवा गुडघा आधीच दुखरा. मी काचेतून बघायचे, बांधावर चढताना ती एक हात गुडघ्यावर ठेवायची. बघवायचं नाही, पण दुसरं काही बघवायचंच नाही. डेकवर रिसॉर्टचे रंगीत झेंडे लावले होते. मी रोज सकाळी ड्युटीवर आले की पहिले झेंडे बघायचे. गावाकडे फडफडतायत. अजून गावाकडेच. फिर ना रे बाबा.

दिवाळीनंतर एका सकाळी झेंडे खाडीकडे फिरले.

काय मजा आली सांगू! डेक फुल्ल होता. ऑम्लेटचा काउंटर, कापलेली पपई, मुंबईच्या दोन मोठ्या फॅमिली. पहिले एका बाईने बाळाचा डायपर चेक केला. मग तिच्या नवऱ्याने स्वतःच्या चपला उलट्या करून बघितल्या. मग एक आजोबा ऑम्लेट हुंगायला लागले. मॅनेजर धावत आला, किचनवाल्याला झापलं, अंडी फेकायला लावली. दुसऱ्या दिवशी ड्रेनेजवाला आला. तिसऱ्या दिवशी अख्खा डेक फिनेलने धुतला, आता फिनेल आणि जवळा असा एकत्र वास. साडेदहाला वारा पडायचा, वास जायचा, मॅनेजरला वाटायचं प्रॉब्लेम सुटला. सकाळी परत! लोक रिसेप्शनवर येऊन भांडायचे. मी गोड हसून सांगायचे, "सर, निसर्गाच्या सान्निध्यात आहात तुम्ही." हे वाक्य त्यांच्याच जाहिरातीतलं. दिवसातून दहा वेळा बोलायचे आणि प्रत्येक वेळी डोळ्यासमोर तो पाईप असायचा, आणि आईची मूठ.

शेवटी एका सकाळी मॅनेजर नाकामागे चालत चालत बांधावर पोचला. पुढचं काकीने सांगितलं.

"या सायेब, बसा. देऊ काय पिशवीभर? कांदा टाकून बायकोला करायला सांगा."

"ये सब हटाओ यहाँ से. आज के आज."

काकीने पाटीखालून कागद काढला. पेणला जाऊन लॅमिनेट करून आणला होता तिने! "हे वाचा. मना वाचता येत नाय, पन पाठ हाय." आणि तिने माझं वाक्य धडाधड म्हणून दाखवलं, कोणत्याही हंगामात, वासाबद्दल, सगळं. शाळेत पाढे म्हणतात तसं, मागे बाकीच्या बायका साथीला.

तो तिथून सरळ माझ्याकडे आला. घामाघूम. पहिल्यांदा बेटा बोलला नाही.

"तुझे पता था?"

त्या टेबलावर मी रोज शंभर वेळा येस सर बोलायचे. त्या दिवशी बोलले, "व्हय."

नोकरी तिथेच गेली. स्कार्फ काढला, टेबलावर ठेवला आणि सरळ बांधावरून मिठागराकडे पळत सुटले, आईला सांगायला. तोंडातून वाक्यं बाहेर पडेनात इतका आनंद झाला होता. आई जवळा पसरत होती. मी सगळं सांगितलं, अगरबत्ती, कागद, झेंडे, मे महिन्यातला पाईप, बघ आई, कसा घेतला बदला!

आई हसली नाही.

"म्हंजी तुना श्रावनापासून म्हाईत होतं."

"व्हय."

"आनि मी बांधावरनं पाट्या वाहते ते बघत होतीस."

"आई, तुझ्यासाठीच..."

"माज्यासाठी? मना माजी जागा पायजे होती गो. त्यांचा नाश्ता नासून माजा गुडगा बरा होतो काय?" मग तिने जवळ्याचा पुढचा ढीग पसरला. नंतर अगदी हळू, भांडणाचा सूर नाही काही नाही, बोलली, "मना ह्या जवल्याचा वास कदी घान वाटला नाय. तुना कदीपासून वाटायला लागला?"

मी बोलले, मी वास लिहिलंय, घाण नाही लिहिलं. पण ती खरंच विचारत होती, आणि मला खरं उत्तर माहीत होतं. स्कार्फ लावला त्या महिन्यापासून. ड्युटीला निघताना मी केस हुंगून बघायचे. आईच्या दोरीवरून ओढणी काढून वेगळी वाळत घालायचे. त्या लोकांना आमच्या जवळ्याने किती त्रास होईल हे मला इतकं बरोब्बर कळलं, कारण मी अर्धी तिकडची झाले होते. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. आत्ता लिहून टाकलं.

तर आज. काकीने फोनवर दुसरी गोष्ट पण सांगितली. मॅनेजरने आईला निरोप पाठवलाय, डेक काढतो, जेट्टीवरचं खळं परत घ्या, फक्त ते मिठागर सोडा. बाकीच्या बायका बोलल्या, नाही, रडू दे त्याला अजून एक थंडी. मी पण तेच ओरडले फोनवर. डेकची एकेक फळी त्याने स्वतःच्या हाताने उचलावी, वर ड्रोन लावून मी शूटिंग करावं, हार्ट लावून पेजवर टाकावं! पण आईने फोन घेतला. कित्येक दिवसांनी थेट माझ्याशी बोलली.

"जागा घेतेय मी. कागद करून घेतेय. तू टाईप करशील?"

"करते. पण आई, त्याला असा सोडायचा?"

"त्याला धरून मी काय करू? जवला वाळवू काय त्याच्यावर?"

फोन ठेवला तिने. कागद टाईप करून ठेवलाय, दुसऱ्या विंडोत उघडा आहे, पट्ट्या किती, कुणाची कोणती, सगळं लिहिलंय. आईचा राग गेला, किंवा तिला तो कधी एवढा नव्हताच, तिला जागा पाहिजे होती. माझा गेलेला नाही. अजिबात नाही. त्या मॅनेजरचा निळ्या रुमालवाला माणूस आठवला की मला अजून गुदगुल्या होतात आणि मला त्याची लाज वाटत नाही. वाटते ती एवढ्याचीच की आईने तीन महिने त्याची किंमत डोक्यावर वाहिली आणि मी तिला विचारलं नाही.

काका आता काउंटरवर बोटं वाजवतायत, थांबते. पण मला सांगा ना, खाडीवरचे, किनाऱ्यावरचे, जिथे जिथे रिसॉर्ट आलंय तिथले सगळे सांगा. तुमच्याही आईला कुणी असं उठवलंय का? आणि तुम्ही तिच्यासाठी म्हणून सूड घेतलात, आणि तिनेच विचारलं, तुला कुणी सांगितलं होतं, असं झालंय का तुमचं कधी?